पाचवे शील आणि घरातला आजारी माणूस



दर पौर्णिमेला आपण विहारात बसून त्रिशरण-पंचशील म्हणतो. पाचव्या शिलात मद्य आणि सर्व मादक वस्तूंपासून दूर राहण्याचे व्रत घेतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूर येथे धम्मदीक्षा दिली. त्या दीक्षेच्या २२ प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. हे आपणांस पाठ आहे. परंतु ज्या घरात पंचशील पाठ आहे आणि दारूही आहे, त्या घराने काय करावे? ज्या घरातला तरुण मुलगा महिनोन् महिने कोणाशी बोलत नाही, त्या घराने कोठे जावे? हे प्रश्न आपण विहारात फारसे विचारीत नाही. आजच्या पाठात तेच घ्यावयाचे आहेत.

त्यासाठी प्रथम माझ्याच घरातली हकीकत सांगते. तीत चूक माझी आहे.

मी सिन्नरची. शाळेत शिकविते. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. माझ्या चुलत्यांना आम्ही नाना म्हणतो. ते माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होते. काकी सिन्नरच्या कितीतरी बायांप्रमाणे मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. नाना अनेक वर्षे पीत होते, आणि पुढे पुढे सकाळी तोंड धुण्याआधी पिऊ लागले. काकीच्या विड्यांचे पैसे त्यात जात. काही वर्षांपूर्वी आषाढ पौर्णिमेला, वर्षावास सुरू झाला त्या दिवशी, आम्ही नानांना विहारात सर्वांसमोर उभे केले. भगवंतांच्या मूर्तीपुढे हात जोडावयास लावले. शपथेची वाक्ये मी सांगितली आणि नानांनी ती माझ्यामागून म्हटली. लोकांनी टाळ्या वाजविल्या. मला फार अभिमान वाटला. बाहेर पडताना नाना काकीला म्हणाले, "आपल्या शिकलेल्या पोरीनं शब्द घेतलाय. आता मेलो तरी शिवणार नाही."

नानांनी शब्द पाळला. त्या रात्रीपासून एक घोटही घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हात इतके कापू लागले की चहाची कपबशी धरवेना. अंग घामाने भिजले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. त्यानंतरच्या दिवशी त्यांना आकडी आली. तिसऱ्या रात्री ते भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून हाताने झटकू लागले, काकीला ओळखेनात, दार उघडून पळू लागले. आळीतले एक म्हणाले, "हे बाहेरचं आहे." आणि दीक्षा घेतलेल्या आमच्या घरात त्या रात्री देवऋषी आला! लिंबू कापले, अंगारा लावला. मी पदवीधर बाई कोपऱ्यात उभी राहून बघत होते. पहाटे नानांना पुन्हा आकडी आली, तेव्हा गाडी करून आम्ही त्यांना नाशिकला सरकारी रुग्णालयात नेले.

तेथील डॉक्टरांनी विचारले, "रोज पिणारा माणूस एकाएकी कोणी बंद केला?" मी खाली मान घातली. ते म्हणाले, "बाई, सोडायचीच होती. पण आधी आमच्याकडे आणायचं. आणखी उशीर झाला असता तर माणूस हाती लागला नसता."

शरीरात काय घडते?

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाच्या मेंदूला दारूची सवय जडते. दारू मेंदूला मंद करते. त्या मंदपणाशी झगडण्यासाठी मेंदू स्वतःला सतत चेतवून ठेवतो. दारू एकदम बंद झाली की मंद करणारे जाते, पण चेतविलेला मेंदू तसाच राहतो. म्हणून पहिल्या दिवशी कापरे आणि घाम सुटतो, पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या सुमारास काहींना भ्रम होतो. नसलेले किडे-मुंग्या दिसतात, माणसे ओळखू येत नाहीत. यात मृत्यूही येऊ शकतो. डॉक्टर काही दिवस शांत करणारी औषधे देऊन ती उतरत्या प्रमाणात बंद करतात, बी-१ जीवनसत्त्व देतात, पाणी आणि क्षार भरून काढतात. एवढ्याने हा धोका बहुतेक टळतो.

नानांच्या अंगात कोणी शिरले नव्हते. त्यांच्या अंगातून दारू निघत होती. ज्याला आम्ही भूतबाधा समजलो, ती शब्द पाळण्याची किंमत होती.

यावरून पहिला धडा घ्यावयाचा तो असा : जो रोज पितो, ज्याचे हात सकाळी घोट घेतल्याशिवाय स्थिर होत नाहीत, त्याला शपथ देण्याआधी डॉक्टरांकडे न्यावे. शपथ खोटी नाही. पण शपथ मन बांधते आणि शरीराला औषध लागते.

तथागतांनी काय केले?

कोणी म्हणेल, शील मोडणाऱ्याला आजारी म्हटले तर शिलाची किंमत काय राहिली? सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मद्यपानाचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत. धनाचा नाश, भांडणे, अपकीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धीचा ऱ्हास यांबरोबर रोगही त्यांत मोजला आहे. म्हणजे दारू आणि आजार यांचा संबंध धम्माला नवा नाही.

आणि आजाऱ्याशी कसे वागावे? विनयपिटकातील कथा आपणांस ठाऊक असेल. एक भिक्खू अतिसाराने आपल्याच घाणीत पडला होता. त्याने इतरांसाठी कधी काही केले नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले, आणि दोघांनी उचलून त्याला खाटेवर निजविले. मग भिक्खूंना बोलावून आजाऱ्याची सेवा ही आपली सेवा मानावी, असे समजावले. हा मनुष्य सेवेला पात्र आहे की नाही, ही चौकशी त्यांनी प्रथम केली नाही.

पटाचारेची कथा तर मनाच्या आजाराचीच आहे. पती सर्पदंशाने गेला, दोन्ही मुले वाटेत गेली, आईबाप आणि भाऊ घर कोसळून गेले. तिचे भान हरपले, अंगावर वस्त्र राहिले नाही. लोक तिला वेडी म्हणून हाकलीत. जेतवनात ती आली तेव्हाही लोक अडवू लागले. तथागतांनी तिला येऊ दिले, भगिनी म्हणून हाक मारली, भानावर येण्यास सांगितले. कोणीतरी आपले वस्त्र तिच्याकडे टाकले. हीच पटाचारा पुढे भिक्खुणीसंघात विनय जाणणाऱ्यांत अग्रगण्य ठरली. आपल्या विहाराच्या दारात आज अशी स्त्री आली तर आपण अडविणाऱ्यांत असू, की वस्त्र देणाऱ्यांत?

मनाचा आजार म्हणजे वेड नव्हे, बाधाही नव्हे

नव्याने धम्मात आलेल्या घरांत देव्हारा गेला तरी भीती जात नाही. मूल झोपेत ओरडले, सून घुमू लागली, मुलगा एकटा बडबडू लागला की पावले जुन्याच वाटेने जातात. त्यात दोष काढण्यापेक्षा नवी वाट दाखविणे बरे. बंगळूरच्या निमहंस संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली. तीत दर १०० प्रौढांमागे सुमारे १० जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे दिसले. म्हणजे ही गोष्ट एखाद्याच घराची नाही, आणि मागील जन्माच्या पापाची तर मुळीच नाही.

कायदाही आपल्या बाजूने आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याप्रमाणे भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसाला दोरीने वा साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा गुन्हा आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका खासगी आसऱ्याला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २५ हून अधिक रुग्ण जळून मेले. पुढे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आला. त्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली, त्याच्या आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला, आणि उपचारांत जात, धर्म, लिंग यांवरून भेदभाव होऊ नये असे स्पष्ट लिहिले. हे वाक्य आपल्या लोकांनी लक्षात ठेवावे. उपचार हा आपला हक्क आहे.

ओळखावे कसे?

पिणाऱ्या माणसाला रागे न भरता चार प्रश्न विचारावेत. पिणे कमी केले पाहिजे असे कधी वाटते का? पिण्यावरून कोणी बोलले की संताप येतो का? पिण्याबद्दल मनाला लागते का? सकाळी उठल्याबरोबर घोट लागतो का? दोन प्रश्नांना होकार आला तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चौथ्याला होकार असेल तर वर सांगितलेला धोका आहे असे समजून चालावे.

तरुण मुलामुलींच्या बाबतीत बदल पाहावा. झोप उडणे किंवा दिवसभर झोपणे, जेवण तुटणे, खेळ आणि मित्र सोडणे, अभ्यासात एकदम घसरण, पैसे नाहीसे होणे, डोळे लाल, कपड्यांना सोल्यूशनचा वास. यांपैकी काही दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर "नाटकं करतो" म्हणून सोडू नये. माझ्या वर्गात नववीत एक मुलगा होता. कबड्डीत पुढे असणारा हा पोरगा बाकावर डोके टेकून बसू लागला. वडील म्हणाले, आळशी झालाय. मी त्याला शाळा सुटल्यावर विचारले, "जगावंसं वाटत नाही, असं होतं का रे?" तो रडू लागला. तोवर त्याला हे कोणी विचारलेच नव्हते. असे विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो ही समजूत खोटी आहे. विचारल्याने तो मोकळा होतो. त्याच्या आईला बोलावून आम्ही माझ्याच फोनवरून मदतीच्या क्रमांकावर बोललो. त्यांनी सांगितल्याप्रमाणे उपचार सुरू झाले. काही महिन्यांनी तो मैदानावर दिसला.

असा विचार ज्याच्या मनात आहे त्याला एकटे ठेवू नये. शेतीची विषारी औषधे घरातून हलवावीत किंवा कुलपात ठेवावीत. तातडीच्या वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

जावे कोठे?

पुढील माहिती वहीत उतरून घ्यावी.

१) १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. मनाच्या कोणत्याही त्रासासाठी, घरच्यांनीही फोन करावा.

२) १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक आहे.

३) जिल्ह्याचे सरकारी रुग्णालय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तेथे मानसोपचार मिळतात. सिन्नरहून नाशिक तीसेक किलोमीटर आहे, एका दिवसात जाऊन येता येते. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क केले गेले. जुने कागद आणि चालू औषधे बरोबर न्यावीत. दीर्घ उपचारांसाठी ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत.

४) पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते येरवड्यास सुरू केले. तेथे व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता आजारी मित्र मानतात. रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गटही तेथे आहे.

५) अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ए.ए. ही दारू सोडू इच्छिणाऱ्यांची आपसांतील संघटना १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. महाराष्ट्रात तिच्या मराठीतून सभा भरतात. फी नाही. घरच्यांसाठी अल्-अनॉन हा वेगळा गट आहे. ए.ए.च्या सभेत माणूस फक्त पहिले नाव सांगतो, आडनाव कोणी विचारीत नाही. आडनावावरून माणूस तोलण्याची सवय असलेल्या या देशात हे किती मोठे आहे, ते आपल्याला वेगळे सांगावयास नको.

कोणत्याही खासगी केंद्रात ठेवण्याआधी ते नोंदणीकृत आहे का, डॉक्टर रोज येतात का, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारावे. मारहाण करणारे केंद्र हे देवऋषाचेच दुसरे रूप समजावे. न सांगता जेवणातून औषध घालण्याच्या जाहिरातींनाही भुलू नये. तशाने जीव धोक्यात येऊ शकतो.

एवढी साधने असूनही लोक पोहोचत नाहीत. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, आणि दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे कसल्याही मदतीपर्यंत पोहोचतो तो एकच, असे तीत आढळले. बाकीचे ३७ कोठे आहेत? ते घराघरांत, लाजेच्या दाराआड आहेत.

घराने आणि विहाराने काय करावे?

घराने तीन गोष्टी सोडाव्यात. उधारी फेडणे, मालकाकडे खोटा निरोप पाठविणे, आणि प्यालेल्या माणसाशी वाद घालणे. पहिल्या दोन गोष्टी दयेपोटी होतात, पण त्यांनी आजार पोसला जातो. बोलावयाचे ते सकाळी, शुद्धीत असताना, थोडक्यात. आणि काकीसारख्या बाईने मार सहन करीत बसणे ही करुणा नव्हे. स्वतःला आणि मुलांना सुरक्षित ठेवणे हे पहिले कर्तव्य आहे.

विहाराने एक गोष्ट सोडावी : चारचौघांत उभे करणे. माणूस लाजेने बदलत नाही, संगतीने बदलतो. आपला इतिहास हेच सांगतो. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. १९४१ च्या ऑगस्टमध्ये आपल्या सिन्नरलाच महार वतनावरील कराविरुद्ध बाबासाहेबांच्या उपस्थितीत परिषद भरली. आपले आजे-पणजे एकेकटे कोपऱ्यात उभे राहिले असते तर वतन सुटले नसते आणि गुलामीही सुटली नसती. ते एकत्र बसले म्हणून सुटले. व्यसनालाही हाच न्याय लावावा.

म्हणून प्रत्येक विहाराच्या भिंतीवर वरील क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावेत. दोन कल्याणमित्र नेमावेत, एक पुरुष आणि एक स्त्री. त्यांनी रुग्णाबरोबर एस.टी.त बसून रुग्णालयात जावे, पुढल्या तारखेची आठवण द्यावी आणि ऐकलेले पोटात ठेवावे. आठवड्यातून एक तास विहाराची खोली अशा सभेसाठी मोकळी ठेवावी. आणि परत घसरलेल्या माणसाला पौर्णिमेला येऊ द्यावे. आजार उलटतो, तसे व्यसनही उलटते. ताप उलटला म्हणून आपण रोग्याला घराबाहेर काढीत नाही.

नाना त्यानंतर दोनदा घसरले. पहिल्या वेळी ते सहा महिने विहाराकडे फिरकले नाहीत. कारण त्यांना माझी लाज वाटत होती, आणि मला हे समजावयास सहा महिने लागले. शेवटी मीच घरी गेले आणि म्हणाले, "नाना, चूक माझी होती. मी शपथ दिली, दवाखाना दिला नाही." ते काही बोलले नाहीत. काकीने विड्यांचे सूप बाजूला ठेवून चहा केला. पुढच्या सोमवारी आम्ही तिघे नाशिकला गेलो.

आज त्यांना दारू सोडून दीड वर्ष होत आले. पौर्णिमेला ते शेवटच्या रांगेत बसतात आणि पाण्याचा माठ भरण्याचे काम त्यांनी आपणहून घेतले आहे. पाचवे शील आले की त्यांचा आवाज थोडा खाली येतो. मी आता मागे वळून पाहत नाही. मला तो ऐकू येतो, तेवढे पुरे.

कुटुंबात बसून चर्चेसाठी प्रश्न

१) रोज पिणाऱ्याने डॉक्टरांशिवाय एकाएकी दारू बंद करणे धोक्याचे का असते?

२) आजारी भिक्खूच्या कथेत तथागतांनी प्रथम काय केले, आणि काय विचारले नाही?

३) १४४१६ आणि १४४४६ हे क्रमांक कशाचे? घरातील प्रत्येकाने पाठ म्हणून दाखवावेत.

४) आपल्या आळीतील कोणते घर पौर्णिमेला येईनासे झाले आहे? या आठवड्यात तेथे कोण जाणार?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर लिहावयाचे नाही. ते चालत जाऊन द्यावयाचे आहे.

भवतु सब्ब मंगलं.